छत्तीसच्या पानाची चूकदुरुस्ती

तारीख ४२, बुधवार

एकोणीस वर्षं तोंड लपवून बसलास आणि आता चोरासारखा कागद पाठवतोस, तोही अरुंद! जन्म गेला तुझा छापखान्यात, चार बोटं जास्त रुंद कागद पाठवायला काय हात झिजले असते? तुझ्या त्या पट्ट्यांपायी आमचा अंक पडवळासारखा लांबोडका निघतो. लोक विचारतात, हे मासिक आहे की दूधवाल्याची वही.

आता नमस्कार की आशीर्वाद ते तूच ठरव. मी सहा वर्षांनी मोठी, म्हणजे आशीर्वादच.

तुला वाटलं मला कळणार नाही. टकळी म्हणाली होती, "आजी, एका छापखान्यातले काका उरलेला कागद देतात." काका! चार गठ्ठे आले ते तिनेच सोडले. पाचवा परवा माझ्या हाती लागला आणि सुतळीची गाठ बघताच मी हात ओळखला. एक फेरा उलटा, टोक आत खुपसलेलं, ओढलं की सुटणारं. बाइंडिंगच्या टेबलाशी ही गाठ मी तुला शिकवली, तेव्हा तुला मिसरूड फुटलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला ती कधी जमली नाही. टकळीला दटावलं तर म्हणते, "मामाआजोबा म्हणाले, ताईला सांगू नकोस. मग मी कशी सांगू?" तोंडाची टकळी दिवसभर चालू असते हिच्या, आणि नेमकं हेच पोटात राहिलं.

तू पाहिलीस तेव्हा चार वर्षांची होती. आई गेलेली, बाप दुसरा संसार मांडून मोकळा, आणि ही माझ्या पदराला. आता तेवीसची घोडी झाली. दातांच्या डॉक्टरकडे येणाऱ्यांची नावं लिहून घेते आणि उरलेल्या वेळात खेळांचं मासिक काढते. खेळ म्हणजे धावायचे नव्हेत. कॉम्प्युटरवरचे, फोनवरचे, पटावरचे, फाशांचे. कोणता चांगला, कोणता भिकार, कुठे अडकायला होतं, सगळं लिहिते. भांडवल म्हणशील तर एक घरघरणारा कॉम्प्युटर, माझा दाभण आणि तुझा कागद. छपाई रविवारी, दवाखाना बंद असताना, डॉक्टरच्या मशीनवर. डॉक्टरची अट एकच, अंकात चॉकलेटचं चित्र नको. मुखपृष्ठ जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला. अंक उघडला की आत मागच्या वर्षीचा एखादा महिना निघतो. नव्वद प्रती. घडी मी घालते, खळ मी शिजवते, शिवण मी मारते.

नाव 'राज्य कुणावर?' ते मी दिलं. ती एकेक इंग्रजी नाव सांगत होती, जिभेला गाठ पडेल असं. मी म्हटलं, आम्ही अंगणात जमलो की पहिला प्रश्न एकच असायचा, राज्य कुणावर? ते ठरल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. तिने तोंड वाकडं केलं आणि दोन दिवसांनी तेच नाव छापून आणलं. खेळ मध्येच थांबवायला ती काहीतरी 'पॉज' लिहायची. मी 'टॅम्प्लीज' लिहायला लावलं. आता वाचकही तेच लिहितात.

जुनं उकरून काढायला मी बसलेली नाही. पण एवढं सांगते, आपल्या जुन्या छापखान्यातल्या त्या शिवणकामाच्या पुस्तकाची चूक तुझी होती. दोन हजार प्रती. बाहीचा नकाशा छत्तीस पानाला चिकटवायचा आणि लहान मुलाच्या चड्डीचा त्रेसष्टला. झालं उलटं. मालक ओरडला तेव्हा बाहीच्या गठ्ठ्यावरची तुझी चिठ्ठी काढून मी सगळ्यांसमोर वाचली, बाही, त्रेसष्ट. या डोळ्यांनी वाचली. तूही म्हणालास, माझी चूक. मग रुसायचं कारण काय? त्या वेळी मी काय बोलले ते आता आठवत नाही. बोलले असेन काही. चुकणाऱ्याने ऐकून घ्यायचं असतं. दुसऱ्या दिवसापासून तू कामावर नाहीस, माझ्या घरी नाहीस, आणि गाव बदलून मोकळा. घुम्या तो घुम्याच.

पुढचा गठ्ठा रुंद पाठव.

तुझी ताई


तारीख ८, गुरुवार

मी पत्र तुला लिहिलं होतं, उत्तर तुझ्या बायकोचं आलं. तीन ओळी. "पत्र पोचलं. ह्यांना लिहायला सवड नाही. ह्यांची नोकरी ह्या महिन्याच्या अखेरीस संपते, तेव्हा तो गठ्ठा शेवटचा." आणि खाली, "ताई, तारखेकडे जरा बघत जा." तारखेला काय धाड भरली? मी कॅलेंडरसमोर उभी राहून लिहिली होती. तिचं अक्षर छान आहे म्हणून तिने मला शिकवायला नको.

तुला सवड नाही आणि कागद कापायला सवड आहे. सहावा गठ्ठा आला, तो कापलायसही दोन बोटं जास्त रुंद. पाहिला मी.

आता कामाचं. पोरगी बोलत नाही, पण कागद बंद झाला तर मासिक बंद. विकतच्या कागदावर काढायचं तर तिला दातच काढावे लागतील लोकांचे. मी तिला म्हटलं, "बंद कर. डोळे फोडून घेतेस." ती म्हणाली, "आजी, नव्वद माणसं वाट बघतात." मी म्हटलं, "नव्वद माणसं वाट बसचीही बघतात." हसली. पण त्या दिवशी जेवताना गप्प होती, आणि ही गप्प बसली की घरात घड्याळ ऐकू यायला लागतं. तेव्हा मला तू आठवलास, हे लिहून ठेवते. दोघं आठ-आठ दिवस बोलायचो नाही लहानपणी, आणि मग तू काही न बोलता तुझ्या ताटातली अर्धी पोळी माझ्या ताटात टाकायचास. कागदाचं बघून मला तेच वाटलं. बरं ते असो.

या अंकात मोठा खेळ आहे. गुहेचा. चौसष्ट घरं, प्रत्येक घरात चार ओळी. "पाण्याचा आवाज येतो. वाकून बघायचं असेल तर घर सत्तावन्न, पळायचं असेल तर घर चौदा." असं उड्या मारत जायचं. खजिना मिळाला तर सुटलास, नाहीतर मेलास. टकळीने घरं लिहिली आणि मुद्दाम विस्कटली, म्हणजे कुणी सरळ वाचत जाऊन खजिना गाठू नये. आकडे शेवटी लावायचे. ते तिने छापून दिले, मी कापून बशीत ठेवले. ती यादी बघून एकेका घरावर बोट ठेवायची आणि आकडा बोलायची, मी बशीतून उचलून खळीने चिकटवायची. चौसष्ट आकडे दीड तासात. ती म्हणाली, "आजी, मशीन आहेस तू." मी म्हटलं, "मशीन बिघडतं. मी तीस वर्षांत बिघडले नाही."

वाचनाचं मला भय नाही, हे तुला माहीत आहे. दुसरीत शाळा सुटली तरी अक्षरं मी फर्म्यांचे छापील ताव दुमडता दुमडता शिकले. उलटी आणि आडवीसुद्धा वाचते.

कागद चांगला आहे, हे मागच्या वेळी म्हणायचं राहिलं. पाण्यात घातल्यासारखा फुगत नाही आणि दाभण घातला की फाटत नाही. एवढंच.

या वेळी तू लिही.

तुझी ताई


तारीख सव्वीस, सोमवार

तारीख अक्षरात लिहिली आहे. आकड्यांवरचा माझा विश्वास उडाला.

अंक गेला आणि आठव्या दिवशी पत्रं यायला लागली. आमचा एक वाचक लिफ्ट दुरुस्त करतो. अंकातली चित्रंही तोच फुकट काढून देतो. त्याने लिहिलं, "तुमच्या गुहेत मी सात वेळा मेलो, त्याची तक्रार नाही. पण तिसऱ्याच उडीला खजिना सापडला, आणि खजिना घेऊन बाहेर पडतो तर पुन्हा अंधारात काडेपेटी शोधतोय. हे कसं?"

टकळी मूळ पानं घेऊन बसली. मी शेंगा सोलत होते.

"आजी, या घरावर मी काय म्हणाले होते?"

"छत्तीस."

"आणि तू काय लावलंस?"

"छत्तीस."

"हे त्रेसष्ट आहे."

"डोळे तपास. सहा आधी, मग तीन. छ-त्तीस. छ आधी येतो ना?"

तिने कागद खाली ठेवला. मग हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, मिठी काय मारते, "अगं आजी, बोलताना सहा आधी, लिहिताना तीन आधी!" काय काय म्हणत होती. मला हसू आलं नाही. मी तिला जादा छापलेले आकडे आणायला सांगितले आणि एकेक बोलायला लावला. पंचेचाळीस. मी पाच आधी शोधला. चोवीस. मी चार आधी. ज्याचं उलटं बशीत नव्हतं तेवढेच त्या दिवशी सरळ लागले होते. वीसच्या आतले मला पाठ आहेत, बसचे नंबर मी चित्रासारखे ओळखते, भाव दुकानदार तोंडाने सांगतो. म्हणून जन्मभर खपून गेलं. आणि बाइंडिंगमध्ये आकड्याची गरज कुठे होती? फर्म्याच्या पाठीवर काळी खूण असते, ती जिन्यासारखी खाली उतरत गेली की रचना बरोबर. पण नकाशे वेगळे छापलेले, त्यांना पाठ नाही आणि खूण नाही. ते तोंडी हुकमावर लावले होते.

घुम्या, तू म्हणाला होतास छत्तीस. तुझा आवाज मला आत्ता ऐकू येतो, मशीन बंद करून टेबलापाशी आलास आणि म्हणालास, "ताई, बाही छत्तीसला." आणि मी पान उघडलं ते सहा आधी असलेलं.

चिठ्ठीवरही तू बरोबरच लिहिलं होतंस. मी ती उलटी वाचली. तू माझ्या हातातून घेतलीस, एकदा बघितलीस, एकदा माझ्याकडे बघितलंस आणि खिशात घातलीस. मालक हात पुढे करून "बघू, बघू" म्हणत होता. मला वाटलं, पुरावा लपवतोय. लपवतच होतास. माझा.

मालकाने ती चिठ्ठी वाचली असती तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आकडे न येणारी बाई बाइंडिंगला कोण ठेवील? आणि घरी चार वर्षांची पोर. तुला हे सगळं तेवढ्या वेळात सुचलं, आणि मला एकोणीस वर्षं आणि एक गुहा लागली.

पहिल्या पत्रावर मी बेचाळीस तारीख घातली होती, हेही टकळीने काढून दाखवलं. म्हणजे कॅलेंडरवरचं वाचलं नाही, मनात चोवीस म्हणत लिहिलं. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, टपालात टाकायला मीच नेलं होतं, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. चोरटी. तुझ्या बायकोला सांग, तारखेचं तिचं बरोबर होतं. तिला माझा राग आला असेल तर तो ठेवायचा तितका ठेवू दे.

आज आणखी लिहवत नाही. शेंगा तशाच राहिल्या आहेत.

ताई


तारीख नऊ, रविवार

शेवटचा गठ्ठा आला. पूर्ण रुंदीचा! दोन अंक निघतील, काटकसर केली तर तीन. गाठ मी सोडली, टकळीला हात लावू दिला नाही. मधल्या थरात चिठ्ठी. पिवळी पडलेली, चार घड्या, तुझं अक्षर. बाही ३६.

एकोणीस वर्षं ही जपलीस? माणूस आहेस की लोखंडी कपाट? सोबत एक शब्द नाही. दोन आकडे पाठवून सुटशील असं वाटलं तुला?

आता मी काय केलं ते ऐक, म्हणजे बाहेरून कळायला नको. प्रत्येक अंकात टकळी शेवटच्या पानावर चूकदुरुस्ती छापते. या वेळी गुहेची छापायची होती, घर छत्तीस आणि घर त्रेसष्ट, घर चोवीस आणि घर बेचाळीस, अशा सगळ्या उलट्या जोड्यांची अदलाबदल करून वाचावी. मी म्हटलं, त्याखाली माझीही छाप.

"आजी, आपले वाचक गेम खेळतात. त्यांना बाहीशी काय करायचंय?"

"बाह्या घालतात ना? मग छाप."

छापली. अंक सोबत पाठवला आहे, पण तू शेवटचं पान उघडणार नाहीस म्हणून इथेच लिहिते. "एकोणीस वर्षांपूर्वीच्या शिवणकामाच्या पुस्तकात बाहीचा नकाशा पान त्रेसष्टला लागला आहे. तो पान छत्तीसला हवा. चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची नव्हती, चिकटवणारीची होती. ज्यांनी चड्डीला बाही जोडली असेल त्यांनी उसवून घ्यावी." शेवटचं वाक्य टकळीचं. मी खोडणार होते, मग राहू दिलं. लिफ्टवाल्याने वर चित्र काढलंय, चड्डीला दोन लांब बाह्या. तो म्हणतो, आजवरच्या अंकात हे पान सगळ्यात चांगलं. अक्कल बघ लोकांची.

एक प्रत घेऊन मी मालकाकडे गेले. तो आता मुलाकडे राहतो, कानाला यंत्र लावतो. खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. मी शेवटचं पान त्याच्यापुढे धरलं आणि उभी राहिले, जसं काही आताही कामावरून काढील.

त्याने दोनदा वाचलं. "शिवणकाम? आपण शिवणकामाचं पुस्तक काढलं होतं?"

मी सगळं सांगितलं, ओरडून ओरडून. मान हलवली त्याने. मग म्हणाला, "तो तुझा भाऊ कुठे असतो? हात होता त्याचा मशीनवर. रागात बोललो मी, पण काढलं नव्हतं त्याला. दुसऱ्या दिवशी मशीन झाकून ठेवून वाट बघितली. का गेला ग तो?"

तिथून बाहेर आले आणि त्याच्या जिन्यावर बसले. मालकाने घालवलं असेल अशी मी मनाची समजूत घातली होती, तर त्याने तुला घालवलंच नव्हतं. नोकरी होती. तू गेलास ते माझ्यामुळे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, काय बोलले ते आठवत नाही. खोटं लिहिलं. शब्दन् शब्द आठवतो. सगळं बाइंडिंग ऐकत होतं आणि मी म्हणाले, "याला लहानपणापासून एक गोष्ट धड जमली नाही, आईला उगाच वाटायचं हा नाव काढील." तू खिशात हात घालून उभा होतास. चिठ्ठी मुठीत असणार. बाहेर काढली असतीस तर माझं तोंड तिथेच बंद झालं असतं. काढली नाहीस.

ते बोललेलं मी परत घेते. चूकदुरुस्तीत छापता आलं नाही, टकळीसमोर सांगवलं नाही, म्हणून इथे लिहिते. तुला सगळं जमलं. मला जमलं नाही ते एवढंच, तुझ्याकडे नीट बघणं.

आभार मानायची मला सवय नाही. डॉक्टरचे मानले, त्याच्या मशीनची शाई आम्ही वापरतो म्हणून. लिफ्टवाल्याचे मानले. तुझे कसे मानायचे हे कळत नाही. ही पोर शाळेत गेली, आकडे सरळ वाचायला शिकली, नव्वद लोकांना खेळायला लावते, त्या सगळ्याच्या तळाशी तू खिशात घातलेला चतकोर कागद आहे. आणि वर हे गठ्ठे. मी कणकेचा गोळा असते तर रडले असते. मी नाही.

लोक आपल्याबद्दल म्हणायचे, त्या भावाबहिणीचा छत्तीसचा आकडा आहे. तीन इकडे तोंड करून, सहा तिकडे, पाठीला पाठ. मी तुझी चिठ्ठी टेबलावर ठेवून बराच वेळ बघितली. मी चिकटवते तसं ते उलटं लावलं की त्रेसष्ट होतं, आणि दोघं समोरासमोर येतात. माझ्या चुकीत तेवढं एक बरं होतं.

आता तुझी नोकरी संपली. घरी बसून तू बायकोचं डोकं खाणार, न बोलताच खाणार. आमच्या अंकाच्या कडा मी भाजीच्या सुरीने कापते, उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. कागद कापणारा माणूस हवा आहे. पगार नाही. जेवण मिळेल, आणि टकळीची टकळी ऐकावी लागेल. आकडे ती बोलेल, चिकटवशील तू. मी खळ शिजवीन.

यायचं की नाही ते तू लिहायचंस. तुझ्या बायकोचं अक्षर पाकिटावर दिसलं तर मी ते न फोडता परत पाठवीन. कोऱ्या कागदाचा गठ्ठा आला तरी परत पाठवीन. पोळीचा तुकडा टाकून भागणार नाही. घुम्या, राज्य तुझ्यावर आहे. तूच लिही, आणि तुझ्या हातानं लिही.

तुझी ताई